परदेशी माणसासाठीही कोर्टाचं दार उघडं असावं का?

पांढुर्णा आणि सौसर ही मध्य प्रदेशातली मराठी गावं. सौसरहून नागपूर सत्तरेक किलोमीटर, पांढुर्ण्याहून शंभरेक. भोपाळ आणि जबलपूर त्याच्या कितीतरी पलीकडे. संत्र्याची तोडणी सुरू झाली की इकडे बाहेरगावचे मजूर येतात. सौसरजवळच्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात परराज्यातली माणसं खोल्या घेऊन राहतात. अशांची थान्यात ‘मुसाफिरी’ लिहितात, घरमालकाला किरायेदाराचं वेरिफिकेशन करून घ्यावं लागतं. या नोंदी पूर्वीपासून होत्या. पण २०२५ च्या उन्हाळ्यात देशभर बांगलादेशी शोधण्याची मोहीम सुरू झाली आणि या बाहेरच्या माणसांकडे पाहण्याची नजर बदलली. बंगाली बोलणारा कुणी दिसला की लोक दोन प्रश्न विचारतात. हा इथला की तिकडचा? आणि तिकडचा असेल तर त्याला वकील, पेशी, अपील हे सगळं हवंच कशाला?

हा लेख दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. माझं उत्तर आधीच सांगतो: हवं, कारण पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळवायला दुसरी कुठलीही रीत आपल्याकडे नाही.

घटना कुणाला काय देते

आपल्या राज्यघटनेने मूलभूत हक्कांचे सरळ दोन गट केले आहेत. काही हक्क फक्त नागरिकांचे आहेत. धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव न होण्याचा कलम १५ चा हक्क, सरकारी नोकरीत समान संधीचा कलम १६ चा हक्क आणि कलम १९ मधली स्वातंत्र्यं, म्हणजे बोलणं, जमणं, संघटना करणं, देशभर फिरणं, कुठेही स्थायिक होणं, व्यवसाय करणं, हे सगळं त्यात येतं. परदेशी माणूस यातलं काहीही हक्क म्हणून मागू शकत नाही. मतदान आणि निवडणूक लढवणं तर दूरच.

दुसरा गट इथे असलेल्या प्रत्येक माणसासाठी आहे. कायद्यापुढे समानता (कलम १४), मागाहून केलेल्या कायद्याने शिक्षा न होणं आणि स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नसणं (कलम २०), जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य (कलम २१), अटकेचं कारण कळणं, वकील मिळणं आणि २४ तासांत न्यायाधीशासमोर उभं राहणं (कलम २२), वेठबिगारीपासून संरक्षण (कलम २३). कलम २२ मध्ये मात्र एक अपवाद स्पष्ट लिहिला आहे: शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला अटकेनंतरची ही संरक्षणं नाहीत. हा अपवाद मला महत्त्वाचा वाटतो. परदेशी माणूस घटनाकारांच्या डोळ्यांसमोर होता, हे त्यावरून कळतं. त्याला वगळायचं होतं तिथे त्यांनी तसं लिहून वगळलं. बाकी ठिकाणी तो राहिला, तो काही नजरचुकीने नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने हे वेळोवेळी सांगितलं आहे. १९९८ साली हावडा स्टेशनच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर सामूहिक बलात्कार झाला. ती आपली नागरिक नाही, मग रेल्वेने भरपाई का द्यावी, असा युक्तिवाद झाला. जानेवारी २००० मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि १० लाख रुपयांची भरपाई कायम केली. त्याआधी १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणातही न्यायालयाने राज्य सरकारला हेच बजावलं होतं: माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जिवाचं रक्षण करणं तुमचं काम आहे.

‘ड्यू प्रोसेस’ दारातून गेलं, खिडकीतून आलं

अमेरिकेच्या घटनेत ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे न्याय्य कार्यपद्धती, हे शब्द आहेत, आपल्या घटनेत नाहीत. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटून आले. कार्यपद्धती न्याय्य आहे का हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांच्या हाती दिला तर ते निवडून आलेल्या सभागृहाचे कायदे उलथवत बसतील, ही काळजी त्यानंतर बळावली. त्यामुळे कलम २१ मध्ये ‘कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती’ एवढंच राहिलं. १३ डिसेंबर १९४८ च्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि निर्णय सभागृहावर सोडला. पण जी उणीव राहिली ती त्यांना बोचत होती. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी अटकेतल्या माणसाच्या संरक्षणासाठी नवं कलम आणलं. तेच आजचं कलम २२.

पुढे जानेवारी १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कार्यपद्धती नुसती कागदावर असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे; मनमानी पद्धत ही पद्धतच नव्हे. तेव्हापासून शब्द नसले तरी अर्थ आपल्याकडे आहे. आणि कलम २१ सर्वांसाठी असल्यामुळे तो अर्थही सर्वांसाठी आहे.

नागपूरच्या दोन न्यायाधीशांचे दोन निकाल

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत सौसर-पांढुर्ण्याचं उच्च न्यायालय नागपूरलाच होतं. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि कागदोपत्री नागपूरचं उच्च न्यायालय हेच मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय ठरून जबलपूरला गेलं. परदेशी माणसाच्या हक्कांबद्दलचे दोन ठळक निकाल याच नागपूरच्या वकिलीतून वर गेलेल्या न्यायाधीशांशी जोडलेले आहेत.

पहिला १९५५ चा. हान्स म्यूलर या जर्मन माणसाला सप्टेंबर १९५४ मध्ये कलकत्त्यात पकडलं. त्याला देशाबाहेर काढायचं होतं, म्हणून प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली प्रेसिडेन्सी जेलमध्ये ठेवलं. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल लिहिला न्या. व्हिव्हियन बोस यांनी. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस यांचे हे नातू आणि नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. त्यांनी म्यूलरचा अर्ज फेटाळला. परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार पूर्ण आणि अनिर्बंध आहे, कलम १९ चा आसरा त्याला नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आजही सरकारी वकील हा निकाल आधी काढतात.

पण त्याच प्रकरणात आणखी काय घडलं हेही पाहायला हवं. तुरुंगातला एक जर्मन माणूस भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अर्ज करू शकला. तू नागरिक नाहीस म्हणून तुझं ऐकत नाही, असं कुणी म्हटलं नाही. कायदा घटनेत बसतो का, स्थानबद्धतेचा आदेश नीट दिला का, हे मुद्दे तपासले गेले आणि त्यानंतर तो हरला. हरला, पण ऐकून घेतल्यावर हरला.

दुसरा निकाल ८ एप्रिल २०२१ चा, जम्मूत डांबून ठेवलेल्या रोहिंग्यांबाबतचा. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश शरद बोबडे. जन्म नागपूरचा, वकिलीही नागपूर खंडपीठात. न्यायालयाने रोहिंग्यांना सोडलं नाही. भारतात राहण्याचा हक्क कलम १९ मधून येतो आणि तो नागरिकांचा आहे, त्यामुळे हद्दपार न होण्याचा हक्क त्यांना मागता येणार नाही, असं म्हटलं. मात्र कलम १४ आणि २१ सर्वांना लागू आहेत हेही नोंदवलं, आणि ठरलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय त्यांना परत पाठवू नये असा आदेश दिला. या निकालावर टीका झाली आणि ती मला पटते. म्यानमारमध्ये जिवाला धोका असलेल्यांचं काय, हा प्रश्न त्यात अर्धवट राहिला. तरीही दोन निकालांमधल्या ६६ वर्षांत एक सूत्र टिकलं आहे: राहू द्यायचं की नाही ते सरकार ठरवील, पण कसं ठरवायचं ते कायदा ठरवील.

चूक झाली तर?

इथे पुष्कळ जण म्हणतात, राहण्याचा हक्कच नाही तर पद्धतीचा घोळ कशाला? पकडा आणि सीमेवर सोडा.

जून २०२५ मध्ये नेमकं हेच झालं. मीरा रोड भागात पोलिसांनी बांगलादेशी समजून काही मजूर पकडले. ते पश्चिम बंगालचे होते, मुर्शिदाबादसारख्या जिल्ह्यांतले. त्यांना सीमेवर नेऊन पलीकडे ढकललं गेलं. घरच्यांनी धावपळ केली, पश्चिम बंगालच्या पोलिसांनी कागद पाठवले, दोन्ही देशांच्या सीमा दलांचं बोलणं झालं आणि त्यांना परत आणावं लागलं. आपल्याच देशाच्या माणसांना परक्या देशाच्या शेतात उभं राहून ‘आम्ही भारतीय आहोत’ असं सांगावं लागलं.

त्याच महिन्यात दिल्लीत कचरा वेचून पोट भरणाऱ्या, मूळ बीरभूमच्या एका गरोदर बाईला तिच्या कुटुंबासह पकडलं आणि दोन दिवसांत सीमेपार पाठवलं. केंद्रीय गृह मंत्रालयाने २ मे २०२५ रोजी स्वतःच सूचना काढल्या होत्या: संशयित माणूस ज्या राज्याचा असल्याचं सांगतो त्या राज्याकडून ३० दिवसांत चौकशी करून घ्यावी. कोलकाता उच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी याच मुद्द्यावर बोट ठेवलं आणि त्यांना परत आणायचा आदेश दिला. तोवर ती बांगलादेशच्या तुरुंगात होती. डिसेंबरमध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात माणुसकीच्या आधारावर तयारी दाखवली, तेव्हा ती लहान मुलासह परतली. तिच्या नागरिकत्वाबद्दलचा सरकारचा आक्षेप तेव्हाही मिटलेला नव्हता. पण तीस दिवसांची चौकशी दोन दिवसांत उरकली गेली, यात वाद नाही.

माझा सगळा मुद्दा इथे आहे. ‘परदेशी’ ही कुणाच्या कपाळावर लिहिलेली गोष्ट नव्हे, ती चौकशीनंतर निघणारी गोष्ट आहे. परदेशी माणसाला चौकशी नाही असा नियम केला, तर पोलिसाने ज्याला परदेशी म्हटलं त्याला चौकशी नाही असा त्याचा अर्थ होतो. त्यात नागरिकही आला. त्याला आपण नागरिक आहोत हे सांगायलाच जागा उरत नाही. परक्याला मिळणारी सुनावणी आपल्या स्वतःच्या नागरिकत्वाचं कुंपण आहे.

सिद्ध कुणी करायचं

फौजदारी खटल्यात आरोपी दोषी आहे हे सरकारला सिद्ध करावं लागतं. परदेशी असण्याच्या बाबतीत उलट आहे. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात कलम ९ होतं: मी परदेशी नाही हे ज्याचं त्याने सिद्ध करायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवासन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला, चार जुने कायदे गेले, पण हे ओझं तिथेच राहिलं.

आता हे ओझं पांढुर्ण्यातल्या एखाद्या सुनेवर टाकून पाहा. माहेर वरुड किंवा नरखेड, म्हणजे महाराष्ट्र. शाळेचा दाखला मराठीत, त्यावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव. लग्न होऊन इकडे आली, नाव-आडनाव दोन्ही बदललं. मध्य प्रदेशचा समग्र आयडी हिंदीत, त्यावर नवऱ्याचं नाव. आधार कार्डावर इंग्रजीतून उलटं आलेलं तिसरंच स्पेलिंग. जन्म घरी झाला, तेव्हा ग्रामपंचायतीत नोंद केली की नाही ते आई-वडिलांनाच ठाऊक. वडिलांची शेती महाराष्ट्रात, तिथला सातबारा. सासरची शेती मध्य प्रदेशात, इथला खसरा. तलाठी वेगळा, पटवारी वेगळा, दोघांच्या भाषा वेगळ्या. ही बाई शंभर टक्के भारतीय आहे. दोन दिवसांत कागदावरून ते सिद्ध करून दाखव म्हटलं तर तिला जमेल का? संशय तिच्यावर सहसा येत नाही, कारण ती मराठी बोलते आणि तिचं आडनाव ओळखीचं आहे. मालदा किंवा मुर्शिदाबादहून आलेल्या मजुराचे कागद अगदी याच अवस्थेत असतात, फक्त त्याचं आडनाव आपल्या ओळखीचं नसतं.

वय कमी तसा पुरावा जास्त, हीही एक अडचण आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला, थोडे अपवाद सोडता, जन्मच पुरतो. त्यानंतर जन्मलेल्याला आई किंवा वडील भारतीय असल्याचं दाखवावं लागतं. ३ डिसेंबर २००४ पासून पुढच्यांना दोघांचंही पाहिलं जातं: दोघे नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नाही असा. आणि आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांनी भागेल असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्याच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना सांगितलं की हे कागद ओळखीचे आहेत, एवढ्यावरून नागरिकत्व ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. म्हणूनच कागद गोळा करायला वेळ देणं, गावी माणूस पाठवून खातरजमा करणं याला पर्याय नाही.

११ जुलै २०२४ रोजी आसामच्या रहीम अली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ओझं थोडं हलकं केलं. तिथल्या परदेशी नागरिक न्यायाधिकरणाने एकतर्फी परदेशी ठरवलेल्या माणसाला न्यायालयाने नागरिक ठरवलं. कुणाचंही दार ठोठावून ‘तू परदेशी असल्याचा संशय आहे, सिद्ध कर’ असं म्हणता येणार नाही. संशयाला आधार हवा आणि तो आधार त्या माणसाला दाखवायला हवा, असं न्यायालय म्हणालं. नावाच्या स्पेलिंगमधले आणि तारखांमधले किरकोळ फरक पुरेसे नाहीत, हेही. आसामातली न्यायाधिकरणं निर्दोष नाहीत, पण तिथे निदान एक पायरी होती, आणि तिच्यावर दाद मागता आली.

कसाबला वकील का दिला

हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो, त्याला बगल देणं बरोबर नाही. मुंबईवरच्या हल्ल्यातला पाकिस्तानी नागरिक, हातात बंदूक असलेला त्याचा फोटो साऱ्या जगाने पाहिलेला, तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन त्याला जिवंत पकडलेलं. मुंबईतल्या वकील संघटनेने त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. तरी न्यायालयाने त्याला वकील दिला. ६ मे २०१० ला विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी फाशी सुनावली, फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमल झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात एक गोष्ट सर्व आरोपींसाठी घालून दिली: आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं जाईल तेव्हाच, तुला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, हे दंडाधिकाऱ्याने त्याला सांगितलं पाहिजे. आज सौसरच्या कोर्टात चोरीच्या आरोपात उभ्या राहिलेल्या गरीब पोरालाही ते लागू आहे.

लोक विसरतात ती गोष्ट वेगळीच आहे. त्या खटल्यात कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते. हल्ल्यासाठी नकाशे पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. पुरावा म्हणून एक नकाशा ठार झालेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात सापडल्याचं दाखवलं होतं. पँट रक्ताने भिजलेली, नकाशावर मात्र रक्ताचा डाग नाही. न्यायालयाने तो पुरावा मानला नाही आणि दोघे तिन्ही पायऱ्यांवर निर्दोष ठरले. परदेशी आरोपीसाठी खटला नको म्हणून सगळं एका दिवसात उरकलं असतं, तर त्या खिशातल्या कागदाकडे कुणी पाहिलं असतं?

आपला माणूस तिकडे असतो तेव्हा

मार्च २०१६ मध्ये कुलभूषण जाधव पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचं जाहीर झालं. मराठी माणूस, निवृत्त नौदल अधिकारी. १० एप्रिल २०१७ ला लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावल्याची बातमी आली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. बाजू मांडली नागपूरला वाढलेल्या हरीश साळवे यांनी, एक रुपया मानधनावर. त्यांचे वडील एन. के. पी. साळवे छिंदवाड्यात जन्मले आणि शेजारच्या बैतूलचे दहा वर्षं खासदार होते, त्यामुळे आमच्या भागात हा खटला घरचा असल्यासारखा ऐकला गेला. पाकिस्तान म्हणत होता की हा हेर आहे, हेराला वकिलातीची भेट नाही. भारताचं म्हणणं होतं: आरोप कितीही गंभीर असो, परक्या देशात अडकलेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी बोलण्याचा आणि नीट बचाव करण्याचा हक्क आहे. १७ जुलै २०१९ ला न्यायालयाने १५ विरुद्ध १ मताने भारताचं म्हणणं मानलं. व्हिएन्ना कराराचं कलम ३६ मोडलं गेलं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, तोवर फाशी थांबवा, असा आदेश दिला. सुटका मिळाली नाही. मिळाली ती प्रक्रिया, आणि जाधव यांचा जीव त्या प्रक्रियेवरच तगला.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायांत साखळ्या. त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. आपल्याला संताप आला, तो योग्यच होता. खुद्द अमेरिकेत १८८६ पासून न्यायालयाचा निकाल आहे की घटनेची संरक्षणं परदेशी माणसालाही लागू होतात. सॅन फ्रान्सिस्कोत कपडे धुण्याचा धंदा करणाऱ्या चिनी लोकांनी तो मिळवला होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की १७९८ च्या शत्रुनागरिक कायद्याखाली हाकलायच्या माणसालाही आधी नोटीस आणि दाद मागायची संधी द्यावी लागेल.

आपला संबंध एवढ्या लांबचाच आहे असंही नाही. पांढुर्णा, सौसर, वरुड, काटोल या पट्ट्यातला संत्रा वर्षानुवर्षं बांगलादेशात जातो. तिकडे आयात शुल्क वाढलं की इकडे मंडीत भाव पडतो. मालाची गाडी घेऊन सीमा ओलांडणारा आपल्याकडचा ड्रायव्हर पलीकडे परदेशीच असतो. तिथे काही लफडं झालं तर त्याला वकील मिळावा, कारण कळावं, घरी निरोप जावा, असंच आपण म्हणू.

आक्षेप खरे आहेत

बेकायदा येणाऱ्यांचा प्रश्न खोटा नाही. त्यामुळे मजुरी पडते, बनावट कागदांचा धंदा वाढतो, सीमेवरच्या गावांचं जगणं बदलतं. सरकारला अशा लोकांना परत पाठवायचा अधिकार आहे आणि तो वापरलाही पाहिजे. भारताने नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला १९७९ मध्ये मान्यता देताना परदेशी नागरिकांच्या हद्दपारीबद्दल स्वतःचा कायदा वापरण्याची मुभा राखून ठेवली आहे. १९५१ च्या निर्वासित करारावर तर सहीच केलेली नाही.

सर्वात वजनदार आक्षेप विलंबाचा. कोर्टात गेलं की वीस वर्षं, मग हाकलणार कधी? पण याचं उत्तर प्रक्रियेतूनच निघतं. ४ फेब्रुवारी २०२५ ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी आसाम सरकारला धारेवर धरलं. ६३ लोक परदेशी ठरलेले, तरी स्थानबद्धता केंद्रात तसेच पडून होते. पत्ता माहीत नाही म्हणून पाठवता येत नाही, असं राज्याचं म्हणणं. देश माहीत आहे ना, मग त्या देशाच्या राजधानीत पाठवा, असं न्यायालयाने सुनावलं, कारण कलम २१ त्यांनाही आहे आणि कुणालाही अनंतकाळ डांबता येत नाही. हद्दपारी लवकर करा हे सांगायलाही न्यायालयच लागलं. निर्णयाला मुदत घाला, न्यायाधीश वाढवा, हे सगळं करता येतं. सुनावणीच काढून टाकणं हा उशिरावरचा उपाय नव्हे.

शेजारच्या बैतूल जिल्ह्यातल्या चोपना भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावंच्या गावं वसली आहेत. नागपूरच्या जरीपटक्यात सिंधी वस्ती आहे. पाकिस्तानातून आलेली कित्येक कुटुंबं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षं नागरिकत्वाची वाट पाहत राहिली. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा या दीर्घ मुदतीच्या व्हिसांना सरकारने वगळलं. सगळे परदेशी सारखे नसतात, हे सरकारलाही ठाऊक आहे. कोण कुठल्या गटात बसतो हे कुणीतरी कागद पाहून ठरवायला लागतं.

प्रत्यक्षात वेळ आली तर

पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, सौसर त्यात आलं. जिल्ह्यातल्या परदेशी नागरिकांची नोंद आणि संशयितांची चौकशी हे पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतलं काम. कुणाला ताब्यात घेतलं तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना किंवा मित्राला कळवावं लागतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं. ‘फक्त विचारपूस चालू आहे’ असं म्हणून दोन-तीन दिवस थान्यात बसवून ठेवणं कायद्यात बसत नाही. माणूस परदेशी निघाला आणि त्याने मागणी केली तर त्याच्या वकिलातीला कळवावं लागतं.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतल्या कुठल्याही माणसाला फुकट वकील आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही, नागरिकत्वाचीही नाही. त्यासाठी तहसीलच्या विधी सेवा समितीकडे जायचं किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा. बोरगावच्या ठेकेदाराने आणि घरमालकाने आपल्याकडच्या मजुराचं गाव, थाना, घरच्यांचा फोन आधीच लिहून ठेवला, मुसाफिरीची पोच जपून ठेवली, तर निम्मं काम तिथेच होतं. खरी अडचण उच्च न्यायालयाची आहे. नागपूर हाकेच्या अंतरावर, पण अर्ज जबलपूरलाच करावा लागतो. एवढी मात्र सोय आहे की बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज अटकेतल्या माणसानेच करायला लागत नाही. त्याच्या वतीने नातेवाईक, मित्र किंवा सोबत काम करणारा मजूरही तो करू शकतो, आणि तो अर्ज ऐकताना उच्च न्यायालय आधी एवढंच विचारतं: हा माणूस कुठे आहे आणि त्याला कुठल्या कायद्याखाली धरलं आहे.